पायांवरच्या बारीक नसांची जाळी : कारणे, तपासणी आणि उपचार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचे वय ३८ वर्षे असून तुम्ही शाळेत शिकवता, त्यामुळे दिवसाचे बरेच तास उभ्याने जातात. दुसऱ्या बाळंतपणानंतर मांडीच्या बाहेरच्या बाजूला लाल-जांभळ्या बारीक नसांचे जाळे उमटले आणि अलीकडे उजव्या पायाच्या आतल्या घोट्याखालीही निळसर जाळे दिसू लागले आहे. संध्याकाळी पाय जड होतात. एका ठिकाणी तुम्हाला लेझरचे पॅकेज सुचवले गेले, दुसऱ्या ठिकाणी लगेच शस्त्रक्रिया करून घ्या असे सांगितले गेले, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी जळवा लावून पाहण्याचा सल्ला दिला. तुमच्या आईच्या घोट्याजवळची जखम कित्येक वर्षे भरत नव्हती, म्हणून आपल्यावरही तीच वेळ येईल का, ही तुमची खरी काळजी आहे.

रक्तवाहिन्यांच्या विकारांवर मी बरीच वर्षे उपचार करीत आलो आहे आणि त्या अनुभवातून माझे पहिले सांगणे असे की, तुमच्या पायांवरची ही दोन जाळी दिसायला सारखी असली तरी त्यांना एक समजू नका. मांडीवरचे जाळे बहुधा त्वचेपुरते आहे. घोट्याजवळचे जाळे मात्र आतल्या मोठ्या नसांमधल्या बिघाडाची खूण असू शकते. उभ्याने केलेली कलर डॉपलर तपासणी, म्हणजे नसांमधला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, होऊन जाळ्याचा उगम कळल्याशिवाय कोणालाही त्या पायावर सुई, लेझर किंवा शस्त्रक्रिया करू देऊ नका.

ज्यांना आपण स्पायडर व्हेन्स म्हणतो त्या नसा त्वचेच्या थरातच असतात आणि त्यांची जाडी एक मिलिमीटरपेक्षा कमी असते. त्यांच्या थोड्या खाली, त्वचेलगतच्या चरबीत, एक ते तीन मिलिमीटर जाडीच्या निळ्या-हिरव्या नसा असतात. त्या उठून दिसत नाहीत, पण गोऱ्या किंवा गव्हाळ त्वचेतून रेषेसारख्या जाणवतात. त्यांना आम्ही रेटिक्युलर नसा म्हणतो. रुग्ण उभा असताना मोजल्यावर तीन मिलिमीटर किंवा अधिक जाडीच्या, वेड्यावाकड्या, हाताला दोरीसारख्या लागणाऱ्या नसा म्हणजे व्हेरिकोज व्हेन्स. ही वर्गवारी निव्वळ मापाची वाटेल, पण उपचारासाठी ती फार उपयोगी आहे, कारण वरच्या लाल जाळ्याला रक्त पुरवणारी नस पुष्कळदा मधल्या प्रकारातली असते. मांडीच्या बाहेरच्या बाजूचे जाळे नीट पाहिले, तर गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाने येणारी एखादी निळसर नस त्या जाळ्याच्या मुळाशी जाऊन मिळालेली दिसते. पायातल्या मोठ्या नसांच्या झडपा पूर्णपणे निरोगी असूनही या बाहेरच्या बाजूच्या नसांचे स्वतंत्र जाळे बिघडू शकते, आणि स्त्रियांमध्ये ते वारंवार दिसते.

पायातले रक्त हृदयाकडे नेणाऱ्या नसांना नीला म्हणतात. या रक्ताला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढावे लागते. ते चढते ते मुख्यतः पोटरीच्या स्नायूंमुळे: चालताना हे स्नायू आवळले जातात, खोल नीलांवर दाब येतो, रक्त वर ढकलले जाते आणि नीलांमधल्या एकदिशा झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. माणूस निश्चल उभा राहिला की घोट्यापाशी नीलेतला दाब पाऱ्याच्या साधारण ८० ते १०० मिलिमीटरपर्यंत असतो. झडपा आणि स्नायू नीट काम करीत असतील तर काही पावले चालताच तो ३० च्या आसपास किंवा त्याहून खाली येतो. झडपा बिघडल्या की चालूनही दाब पुरेसा उतरत नाही. वर्षानुवर्षे टिकून राहिलेला हा वाढीव दाब सर्वांत खालच्या जागी, म्हणजे घोट्याच्या आतल्या बाजूला, त्वचेतल्या नाजूक वाहिन्यांवर येऊन पडतो. तुमच्या घोट्याखालच्या जाळ्याकडे मी इतक्या गांभीर्याने पाहतो याचे कारण हेच आहे.

जगभरचे डॉक्टर नीलांच्या विकारांसाठी सीईएपी नावाचे वर्गीकरण वापरतात, ज्याचा पाया १९९४ मध्ये हवाईमधील माउई बेटावर भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत घातला गेला. त्यात दिसणाऱ्या लक्षणांच्या शून्य ते सहा अशा पायऱ्या आहेत. साध्या बारीक आणि रेटिक्युलर नसा पहिल्या पायरीवर, फुगलेल्या व्हेरिकोज नसा दुसऱ्या, सूज तिसऱ्या, त्वचेतील बदल चौथ्या, भरून आलेली जखम पाचव्या आणि उघडी जखम सहाव्या पायरीवर येते. २०२० मध्ये या वर्गीकरणाची जी सुधारित आवृत्ती आली, तिच्यात घोट्याच्या बाजूला पंख्यासारख्या पसरणाऱ्या बारीक नसांच्या जाळ्याला, म्हणजे कोरोना फ्लेबेक्टॅटिकाला, पहिल्या पायरीवर न ठेवता चौथ्या पायरीत जागा दिली गेली. म्हणजे तीच लाल-निळी बारीक नस मांडीवर असेल तर पहिली पायरी, आणि घोट्याशी पंखा करून असेल तर त्वचेवर दाबाचा परिणाम होऊ लागल्याची खूण. तुमच्या घोट्याजवळचे जाळे याच प्रकारचे आहे की दोन-चार साध्या नसा तिथे योगायोगाने आहेत, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही. पण संध्याकाळचा जडपणा आणि आईचा इतिहास या दोन गोष्टी जोडीला असताना तपासणी टाळणे योग्य नाही.

तुमच्या भीतीबद्दल मात्र एक दिलासा खात्रीने देता येतो. बारीक नसा असणे ही अत्यंत सामान्य गोष्ट आहे. स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे १८ ते ६४ वयोगटातील दीड हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ८० टक्क्यांहून अधिक लोकांच्या पायांवर किमान सौम्य प्रमाणात बारीक किंवा रेटिक्युलर नसा आढळल्या. तो समाज वेगळा, त्यांची त्वचा आणि जीवनमान वेगळे, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा आपल्याकडे लावू नये. तरीही मांडीवरच्या जाळ्यातून पुढे अपरिहार्यपणे जखम होते असे समजण्याचे कारण नाही. जखम होते ती मोठ्या नीलांमधला उलटा प्रवाह अनेक वर्षे दुर्लक्षित राहिल्यामुळे. आज त्यावर तुमच्या आईच्या वेळेपेक्षा पुष्कळ सोपे उपचार आहेत.

कारणांमध्ये अनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे आणि त्याबाबत कोणी स्वतःला दोष देण्याची गरज नाही. गरोदरपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण ४० ते ५० टक्क्यांपर्यंत वाढते, प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे नीलांच्या भिंती सैलावतात आणि शेवटच्या महिन्यांत वाढलेल्या गर्भाशयाचा भार ओटीपोटातल्या नीलांवर पडतो. पहिल्या बाळंतपणात उमटलेल्या नसा पुष्कळदा तीन ते सहा महिन्यांत फिकट होतात, पण पुढच्या बाळंतपणात उमटलेल्या बऱ्याच टिकून राहतात. वय, वाढलेले वजन आणि तासन्‌तास एकाच जागी उभे राहण्याचे काम यांची त्यात भर पडते. वर्गावर उभे राहणारे शिक्षक, चौकातले वाहतूक पोलीस, केस कापणारे कारागीर, हॉटेलच्या भटारखान्यातले आचारी, शस्त्रक्रियागृहातल्या परिचारिका अशा सगळ्यांचे पाय मी तपासत आलो आहे. फळ्याजवळ खिळून उभे न राहता वर्गात फिरत शिकवणे आणि दोन तासिकांच्या मध्ये टाचा वीस-पंचवीस वेळा उचलणे, एवढ्यानेही पोटरीचा पंप कामाला लागतो. मांडी घालून बसल्याने किंवा पायावर पाय टाकल्याने या नसा होतात, ही समजूत फार पसरलेली आहे, पण तिला ठोस आधार नाही. पानावर मांडी घालून जेवायला बसत असाल तर खुशाल बसा.

प्रत्येक लाल जाळे म्हणजे नीलांचाच विकार, असेही नाही. नडगीवर आणि घोट्याभोवती तिखट सांडल्यासारखे तांबूस-तपकिरी बारीक ठिपके असतील आणि बोटाने दाबल्यावर ते फिके पडत नसतील, तर ते त्वचेत झिरपलेले रक्त असते आणि त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे लागते. दुसरी बाब आपल्याकडे विशेष काळजीची आहे: औषधाच्या दुकानात चिठ्ठीविना मिळणारी, खाज-गजकर्णावर किंवा गोरेपणासाठी महिनोन्‌महिने चोळली जाणारी तीव्र स्टेरॉइडयुक्त मलमे त्वचा पातळ करतात आणि तिथे बारीक लाल वाहिन्या उघड्या पडतात. असे मलम पायांवर बराच काळ वापरले असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. अशा त्वचेत सुई घालण्याआधी ते मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवणे महत्त्वाचे ठरते.

आता तपासणीविषयी. कलर डॉपलर ही ध्वनिलहरींची तपासणी आहे; तिच्यात किरणोत्सर्ग नाही, सुई नाही, वेदना नाही. पण ती कशी केली जाते यावर तिचे मूल्य ठरते. नीलांच्या झडपा तपासायच्या असतील तर रुग्णाने उभे राहायला हवे, शरीराचा भार दुसऱ्या पायावर घ्यायला हवा आणि तपासणाऱ्याने पोटरी दाबून सोडल्यावर रक्त उलट किती वेळ वाहते हे मोजायला हवे. वरवरच्या नीलांमध्ये अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ उलटा प्रवाह दिसला तर झडप निकामी आहे असे धरले जाते. आपल्याकडे अनेकदा ही तपासणी रुग्णाला आडवे झोपवून, फक्त गुठळी आहे का एवढे पाहून उरकली जाते आणि अहवालावर ‘सर्व ठीक’ असे लिहिले जाते. त्या अहवालाने तुमच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. म्हणून तपासणीची वेळ ठरवतानाच ‘झडपांसाठी, उभ्याने’ असे स्पष्ट सांगा आणि अहवालात जांघेपासून घोट्यापर्यंत जाणारी ग्रेट सॅफेनस, पोटरीमागची स्मॉल सॅफेनस, वरवरच्या आणि खोल नीलांना जोडणाऱ्या परफोरेटर नसा आणि स्वतः खोल नीला या सर्वांचा उल्लेख आहे का ते पाहा. ज्या व्यक्तीला फक्त मांडीवर थोडे जाळे आहे आणि कसलाही त्रास नाही, तिला मी प्रत्येक वेळी डॉपलरचा खर्च करायला लावत नाही. तुमची गोष्ट वेगळी आहे.

शेतात खालच्या वाफ्यात सारखे पाणी साचू लागले तर शेतकरी ते उपसत बसत नाही, वर पाट कुठे फुटला आहे ते आधी पाहतो. नीलांच्या उपचाराचा क्रम तसाच असतो. डॉपलरमध्ये सॅफेनस नीलेत उलटा प्रवाह सापडला, तर आधी त्या नीलेवर उपचार करायचा, मग त्वचेखालच्या रेटिक्युलर नसांवर आणि सर्वांत शेवटी त्वचेतल्या जाळ्यावर. हा क्रम उलटा केला तर जाळे काही महिन्यांत पुन्हा भरते, आणि कधी कधी आधीपेक्षा दाट होते. सॅफेनस नीला बंद करण्यासाठी पूर्वी जांघेत छेद देऊन ती ओढून काढावी लागे. आता सोनोग्राफीच्या मदतीने नीलेत बारीक तार सरकवून लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीच्या उष्णतेने ती आतून बंद केली जाते. भूल फक्त त्या भागापुरती द्यावी लागते आणि बहुतेक रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातात. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ च्या आपल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये याच पद्धतीला पहिली पसंती दिली, त्यानंतर औषधाचा फेस करून नीलेत दिलेल्या इंजेक्शनला आणि त्यानंतर शस्त्रक्रियेला. अशा उपचारानंतर मी लहान नसांना लगेच हात लावत नाही; सहा ते बारा आठवडे थांबल्यावर दाब उतरून त्यांतल्या काही आपोआप फिक्या पडतात आणि उरलेल्यांवर कमी औषध लागते.

डॉपलर निर्दोष निघाला, तर मोठ्या नीलांवर कोणताही उपचार नको, हेही मला तितक्याच ठामपणे सांगायचे आहे. फक्त त्वचेतल्या नसांसाठी निरोगी सॅफेनस नीला बंद करणे चुकीचे आहे. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेत किंवा पायाच्या रोहिणीच्या, म्हणजे पायाकडे रक्त आणणाऱ्या वाहिनीच्या, शस्त्रक्रियेत पुढे हीच नीला उपयोगी पडू शकते. म्हणून ‘लगेच शस्त्रक्रिया करा’ असा सल्ला देणाऱ्यांना, कोणत्या नीलेत किती सेकंद उलटा प्रवाह आहे, हे नम्रपणे विचारा.

त्वचेतल्या जाळ्यावर सर्वाधिक भरवशाचा उपचार म्हणजे स्क्लेरोथेरपी. या पद्धतीत अतिशय बारीक, सहसा ३० गेजच्या सुईने नसेत औषध सोडले जाते. पॉलिडोकॅनॉल आणि सोडियम टेट्राडेसिल सल्फेट ही मुख्य औषधे होत. दोन्ही साबणासारख्या गुणधर्माची असल्याने नसेच्या आतल्या अस्तराला इजा करतात, नस आक्रसते, तिच्या भिंती चिकटतात आणि पुढच्या काही आठवड्यांत शरीर तिचा तंतुमय अवशेष हळूहळू शोषून घेते. त्या नसेतले रक्त शेजारच्या निरोगी नसांमधून वाहू लागते, त्यामुळे ‘नस बंद केली तर रक्त जाणार कुठे’ ही शंका बाळगू नये. पॉलिडोकॅनॉल मुळात जागा बधिर करणारे औषध म्हणून पुढे आले होते, म्हणून ते टोचताना फारशी आग होत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला २०१० मध्ये मान्यता दिली, ती एक मिलिमीटरपर्यंतच्या नसांसाठी ०.५ टक्के आणि एक ते तीन मिलिमीटरच्या नसांसाठी १ टक्का अशा तीव्रतेला. आपल्या त्वचेत मी सर्वांत बारीक नसांसाठी त्याहूनही सौम्य, ०.२५ टक्क्यापासून सुरुवात करणे पसंत करतो. टेट्राडेसिल त्याहून तीव्र असल्यामुळे बारीक नसांसाठी ते ०.१ ते ०.२ टक्के एवढेच वापरावे लागते. तीव्रता वाढवली की नस लवकर जाईल असे वाटते, पण प्रत्यक्षात डाग आणि जखम यांचा धोका वाढतो.

रुग्णाला आडवे झोपवून, चांगल्या उजेडात आणि भिंगातून पाहत, आधी पुरवठा करणाऱ्या निळसर नसेत आणि मग जाळ्यात, अगदी थोडे औषध अतिशय सावकाश सोडले जाते. एका जागी साधारण ०.१ ते ०.३ मिलिलिटर पुरते. औषध नसेत शिरताना जाळे डोळ्यांदेखत पांढरे होते. सभोवतालची त्वचा पांढरी पडू लागली किंवा फुगली तर सुई बाहेर गेली आहे असे समजून तिथेच थांबावे लागते. मोठ्या नीलांसाठी हेच औषध हवेशी घुसळून फेस करून देतात. इटलीच्या लोरेंझो तेस्सारी यांनी २००० च्या सुमारास दोन सिरिंज आणि तिहेरी तोटी वापरून असा फेस करण्याची सोपी रीत रूढ केली. त्वचेतल्या बारीक नसांना मात्र पातळ औषधच योग्य. अर्ध्या-पाऊण तासाची बैठक झाली की लगेच दाबाचे मोजे चढवून दहा ते वीस मिनिटे चालायचे असते. पुढचे दोन-तीन दिवस कडक गरम पाण्याचे स्नान, जोराचा व्यायाम, उन्हात पाय उघडे ठेवणे आणि लांबचा बस किंवा विमानाचा प्रवास टाळावा. घरची आणि शाळेची नेहमीची कामे त्याच दिवशी सुरू ठेवता येतात, नव्हे ठेवावीतच, कारण अंथरुणात पडून राहणे इथे अपायकारक आहे.

निकालाबाबत रुग्णांची सर्वाधिक निराशा होते ती वेळेचा अंदाज चुकल्यामुळे. पहिल्या आठवड्यात पाय आधीपेक्षा वाईट दिसतात. टोचलेल्या जागी लाली, निळे-काळे डाग आणि खाज असते. बारीक नसा विरायला तीन ते सहा आठवडे लागतात आणि रेटिक्युलर नसांना तीन-चार महिनेही लागू शकतात. एका बैठकीत सगळे जाळे जात नाही. दोन ते चार बैठका लागतील असे धरून चालावे आणि दोन बैठकांत किमान चार ते सहा आठवड्यांचे अंतर असावे. मी पहिल्या दिवशी एकाच उजेडात, एकाच अंतरावरून छायाचित्रे काढून ठेवतो, कारण फरक सावकाश पडत गेला की आधी काय होते हे कोणालाच नीट आठवत नाही.

दुष्परिणामांपैकी आपल्या त्वचेत ज्याची चर्चा आधी व्हायला हवी तो म्हणजे तपकिरी डाग. बंद झालेल्या नसेतले रक्त त्वचेत झिरपते आणि त्यातले लोह तिथे साठते, म्हणून नसेच्या मार्गावर तपकिरी रेघ उमटते. दहा ते तीस टक्के रुग्णांमध्ये ती कमी-अधिक प्रमाणात दिसते आणि बहुतेकांची वर्षभरात जाते. सावळ्या त्वचेत ती अधिक उठून दिसते, हे उपचारापूर्वी सांगितले गेले पाहिजे. हा डाग मुख्यतः लोहाचा असल्यामुळे गोरेपणाची मलमे त्याच्यावर चालत नाहीत, उलट त्वचा दुखावतात. नसेत अडकलेली घट्ट रक्ताची गाठ एक ते तीन आठवड्यांच्या आत बारीक सुईने टोचून काढली तर डाग कमी पडतात. म्हणून बैठकीनंतरची तपासणी चुकवू नका, भले पाय बरे दिसत असोत. दुसरा त्रास म्हणजे टोचलेल्या भागाभोवती अतिशय बारीक लालसर वाहिन्यांची नवी झाक उमटणे. ती पुष्कळदा काही महिन्यांत ओसरते. ती टिकून राहिली, तर पुरवठा करणारी एखादी नस सुटली आहे का हे पुन्हा पाहावे लागते. त्वचेवर छोटी जखम होणे, तीव्र ॲलर्जी आणि खोल नीलेत गुठळी होणे हे क्वचित घडते, पण घडते. म्हणून ही सुई, ॲलर्जीच्या झटक्यावर तातडीचे औषध हाताशी नसलेल्या सौंदर्यप्रसाधन केंद्रात घेऊ नये. अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा दिसत असतील, पूर्वी कधी गुठळी झाली असेल, हृदयाच्या पडद्यात छिद्र असल्याचे कोणी सांगितले असेल, तर ते आधी सांगा. गरोदरपणी हा उपचार करीत नाहीत आणि अंगावर पाजत असतानाही तो पुढे ढकलणे बरे.

लेझरविषयी माझे मत सावध आहे. लेझरचा प्रकाश नसेतल्या रक्ताने शोषावा अशी अपेक्षा असते, पण त्वचेला रंग देणारे मेलॅनिन हे द्रव्यही तो शोषते. ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेझरचा प्रकाश मेलॅनिन इतका शोषून घेते की आपल्या गव्हाळ आणि सावळ्या वर्णात त्याने भाजण्याचा आणि पांढरे-काळे डाग पडण्याचा धोका आहे. १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर खोलवर जातो आणि आपल्याकडे तोच त्यातल्या त्यात सुरक्षित, तरी तोही दुखतो आणि त्वचा थंड ठेवण्याची व्यवस्था नीट नसेल तर इजा करतो. सुई शिरणारच नाही इतक्या बारीक वाहिन्या, औषधाची ॲलर्जी किंवा सुईची तीव्र भीती, अशा ठिकाणी तो उपयोगी आहे. पायांवरच्या बाकी नसांसाठी स्क्लेरोथेरपी सरस ठरते. तपासणी न करता ठरावीक बैठकांचे पैसे आधीच भरून घेणाऱ्या योजनेत तुम्ही पडू नये, असे मला कळकळीने वाटते.

दाबाचे मोजे नसा नाहीशा करीत नाहीत, पण जडपणा आणि सूज निश्चित कमी करतात. तुमच्यासाठी गुडघ्यापर्यंतचे, पाऱ्याच्या २० ते ३० मिलिमीटर दाबाचे मोजे पुरतील. घोटा आणि पोटरी सकाळी मोजून घ्या आणि अंथरुणातून उठल्यावर लगेच, सूज यायच्या आत, चढवा. कोकणातल्या दमटपणात किंवा विदर्भाच्या उन्हाळ्यात ते दिवसभर घालणे किती अवघड असते याची मला कल्पना आहे, त्यामुळे किमान शाळेच्या वेळात घातले तरी चालेल असे मी सांगतो. स्क्लेरोथेरपीनंतर मात्र सवलत घेऊ नये: स्वित्झर्लंडमध्ये झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात तीन आठवडे मोजे वापरणाऱ्यांच्या नसा अधिक चांगल्या विरल्या होत्या. म्हणूनच मी शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारी या थंडीच्या महिन्यांत बैठका ठरवतो. मधुमेह असलेल्या किंवा तंबाखू ओढणाऱ्या व्यक्तींनी पायातल्या रोहिण्यांचा रक्तपुरवठा तपासल्याशिवाय घट्ट मोजे वापरू नयेत.

डायॉस्मिन-हेस्पेरिडिनच्या गोळ्यांनी जडपणा आणि ठणका कमी होतो, पण उमटलेली नस त्या पुसत नाहीत. दुकानात मिळणाऱ्या जेलने आणि मलमांनीही ती जात नाही. हलक्या हाताने तेल लावल्याने बरे वाटते, त्याला माझी हरकत नाही; जोरात रगडून मात्र काही साधत नाही आणि पोटरी अचानक सुजली-दुखत असेल तेव्हा ती मुळीच चोळू नये. जळवांबद्दल घरच्यांचा हेतू चांगला आहे, परंतु जळू त्वचेतले थोडे रक्त काढते, झडप दुरुस्त करीत नाही, आणि तिच्या पोटात एरोमोनास नावाचे जंतू असतात. घोट्याजवळच्या, आधीच पोषण कमी झालेल्या त्वचेवर तिचा चावा चिघळला तर ज्या जखमेची तुम्हाला भीती वाटते तीच आपण ओढवून घेऊ.

नसा कायमच्या गेल्या का, असे प्रत्येक जण विचारतो. नीट बंद झालेली नस सहसा परत येत नाही, पण ज्या प्रकृतीमुळे ती झाली ती प्रकृती राहतेच, त्यामुळे काही वर्षांनी दुसरीकडे नवी नस दिसू शकते आणि तेव्हा एखादी बैठक पुन्हा लागते. आणखी मूल हवे असा विचार असेल तर मांडीच्या जाळ्याचा उपचार त्यानंतरच करावा. घोट्याचा डॉपलर मात्र तोवर थांबवू नये. मांडीवरचा उपचार केवळ दिसण्यासाठी असेल तर आरोग्य विमा सहसा लागू होत नाही. सॅफेनस नीलेतला बिघाड हा आजार असल्याने त्यासाठी विमा कंपनीकडे आधी विचारणा करून ठेवावी. आणि पाय सुंदर दिसावेत म्हणून उपचार घेणे यात संकोच करण्यासारखे काही नाही. फक्त खर्च आणि डागांची शक्यता समजून घेऊन तो निर्णय व्हावा.

काही लक्षणे दिसली तर डॉपलरच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. एकाच पायाची पोटरी एक-दोन दिवसांत सुजली आणि दुखू लागली, किंवा त्यासोबत धाप लागली, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. घोट्याजवळची त्वचा काळपट, कडक किंवा खाजरी होऊ लागली असेल तर ती खाजवू नका आणि काही आठवड्यांत दाखवा. घोट्याजवळच्या फुगीर निळ्या ठिपक्यातून अंघोळीच्या वेळी किंवा मोजा काढताना अचानक रक्ताची धार लागू शकते. वेदना नसल्यामुळे ती पुष्कळदा उशिरा लक्षात येते. अशा वेळी उभे राहू नका, खुर्चीतही बसू नका. लगेच आडवे होऊन पाय उशांवर किंवा भिंतीला टेकवून हृदयापेक्षा उंच धरा, स्वच्छ कापडाची घडी नेमकी त्या जागेवर ठेवून दहा मिनिटे न उचलता दाबा, मांडीला दोरी किंवा ओढणी आवळू नका, आणि रक्त थांबले तरी त्याच आठवड्यात पाय दाखवा, कारण त्या पातळ झालेल्या जागेतून पुन्हा रक्त येण्याची शक्यता असते.